वावराची गाठ

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला चन्नम्मा मॅडमनी चौदावा निबंध हातात घेतला. तिसऱ्याच ओळीला त्या थबकल्या. हा निबंध आपण आज एकदा वाचलाय, असं त्यांना वाटलं.

त्यांनी बाजूला ठेवलेला गठ्ठा उलटापालटा केला आणि चौथा निबंध काढून शेजारी मांडला. दोन्हींची सुरुवात मेंढरांनी होत होती. संध्याकाळी मेंढरं मोजून आत घेतात, आणि आत आलेलं मेंढरू आपण कोंडले गेलो की राखले गेलो हे कधी विचारत नाही. पुढची दहा पानं तशीच. कुठे एखादा शब्द वेगळा, कुठे वाक्य मागेपुढे; पण मांडणी, दाखले, निष्कर्ष, सगळं एकच.

चौथ्या निबंधावर नाव होतं इंद्रजीत मस्के. चौदाव्यावर पूनम सरगर.

महाविद्यालयाची ती वैचारिक निबंध स्पर्धा होती. विषय होता ‘माणूस आज्ञा का पाळतो?’. एखादी साहित्यकृती, तत्त्वज्ञ किंवा राजकीय विचारवंत घ्यायचा आणि त्याच्या आधारानं उत्तर शोधायचं. पहिल्या येणाऱ्याला पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या शिक्षणाची जागा मिळणार होती, राहण्या-जेवणासकट. चन्नम्मा मॅडम तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवत होत्या. एप्रिलमध्ये निवृत्त व्हायच्या होत्या. विभागात उरलेली मुलं चार, त्यातली एक पूनम.

त्यांनी दोन्ही निबंध उचलले आणि सरळ प्राचार्यांकडे गेल्या. चूक दिसली की वर कळवायची, ही तीस वर्षांची सवय. दहाच मिनिटांत त्यांना तिचा पश्चात्ताप झाला.

प्राचार्य गुरप्पा बिराजदार यांनी निबंध वाचलेच नाहीत. त्यांनी कार्यालयातली नोंदवही मागवली. इंद्रजीतचा निबंध जमा झाला होता सोमवारी सकाळी अकरा वीसला. पूनमचा बुधवारी संध्याकाळी चार पन्नासला, मुदत संपायला दहा मिनिटं असताना.

“आधी आला तो मूळ, मागून आली ती नक्कल. यात आणखी काय बघायचं?”

“सर, इंद्रजीतच्या घरी मेंढरं कुठली? त्यांचा तर टॉवेलचा कारखाना आहे.”

“माणूस वाचून लिहितो, मॅडम. तुम्ही तीस वर्षं ग्रीक तत्त्वज्ञान शिकवताय, कधी ग्रीसला गेलात?”

इंद्रजीतचे वडील कोंडीबा मस्के नियामक मंडळावर होते, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही उच्चारलं नाही.

“उद्या बाराला सुनावणी ठेवू. सिद्ध झालं तर मुलगी यंदाच्या परीक्षेला बसणार नाही आणि वसतिगृहही सोडेल. नोटीस आत्ताच फलकावर लावतो.” बिराजदारांनी नोंदवही मिटली. “तक्रार तुमची आहे, चौकशीही तुम्हीच करा. पण बाराच्या आत.”

२

पूनम ग्रंथालयात खिडकीजवळ बसली होती. फलकावरची नोटीस तिनं वाचलेली होती. समोर पुस्तक उघडं होतं, पण पान उलटत नव्हतं.

ती सांगोला तालुक्यातली. वडील मायाप्पा वर्षातले आठ महिने मेंढरांमागे चालतात. घरात बारावीपुढे गेलेली ती पहिलीच. हे सगळं मॅडमना माहीत होतं. माहीत नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“निबंध तूच लिहिलास?”

“व्हय.” मग ती सावरली. “हो, मॅडम. आधी वहीत लिहिला होता. कोरे सरांनी एकदा नजर टाकावी म्हणून गेल्या गुरुवारी वही कार्यालयात दिली. सर नव्हते, म्हणून शहाजीकाकांकडे ठेवली. ती परतच आली नाही.”

प्रा. सिद्धराम कोरे हे राज्यशास्त्राचे विभागप्रमुख आणि स्पर्धेचे समन्वयक. शहाजी लवटे कार्यालयातला लिपिक.

“सरांना विचारलंस?”

“मंगळवारी विचारलं. म्हणाले, वही मिळालीच नाही. आता वेळ उरला नाही, पुढच्या वर्षी बघ. पण पुढच्या वर्षी मी इथं कुठं असणार? मग आठवून आठवून सगळा पुन्हा लिहिला. बुधवारी नव्या पेठेत टाईप करून घेतला आणि पळत आले.”

“वही आणखी कुणी पाहिली होती?”

“पाहिली असं नाही. आरोहीला मी रोज वाचून दाखवायची. आम्ही एकाच खोलीत राहतो.”

तेवढ्यात शहाजी आत आला. हातात एक टाईप केलेला कागद. मॅडमकडे न बघता त्यानं तो पूनमपुढे ठेवला.

“मोठ्या सायबांनी दिलंय. सही करायची हाय म्हनं. मग नुसता स्पर्धेतनं निबंध काढतील, वर्ष वाचंल.”

कागदावर लिहिलं होतं, ‘मी माझे सहाध्यायी इंद्रजीत मस्के यांच्या निबंधाची नक्कल केली असून त्याबद्दल बिनशर्त माफी मागते.’ खाली तिचं नाव, आणि सहीसाठी रिकामी जागा.

पूनमनं कागद दोनदा वाचला.

“लिवलं मी, आन माफीबी मीच मागू?”

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “सही करू नकोस. उद्या बारापर्यंत थांब.”

“आणि बारापर्यंत तुम्हाला काही सापडलं नाही तर?”

मॅडमनी पिशवी उचलली आणि त्या स्टाफरूमकडे निघाल्या.

३

कोरे सर स्टाफरूममध्ये विद्यार्थ्यांचे पेपर तपासत बसले होते. पन्नाशीचा, मृदू बोलणारा माणूस. घरचं नव्या पेठेत तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, पण त्यांनी गादीवर न बसता पुस्तकं जवळ केली. मुलं त्यांच्या तासाला बसायची, कारण ते सत्ता, कायदा, अवज्ञा असल्या विषयांवर तळमळीनं बोलायचे.

“वही? माझ्यापर्यंत आलीच नाही हो. शहाजीच्या टेबलावर काय काय गडप होतं ते तुम्हाला माहीत आहे.” बोलता बोलता त्यांच्या लाल पेननं समोरच्या पेपरातला एक शब्द खोडला. “बघा, पुन्हा ‘हुकमत’. अधिसत्ता म्हणावं, दहा वेळा सांगितलं या पोरांना.” मग पेन खाली ठेवून म्हणाले, “मुलगी हुशार आहे, मॅडम. मोहात पडली असेल. तिला सही करायला सांगा. वर्ष वाचणं महत्त्वाचं.”

“जमा झालेले निबंध कुठे असतात?”

“कार्यालयातल्या कपाटात. एक किल्ली शहाजीकडे, एक माझ्याकडे.”

दुपारी त्यांनी आरोहीला गाठलं. ती पूनमची खोलीतली मैत्रीण, शिवाय स्पर्धेतली प्रतिस्पर्धीही. मॅडमच्या यादीत तिचा निबंध तिसरा होता, आणि वरचे दोन बाद झाले तर पहिला. आरोहीनं हा हिशेब आधीच केला होता. तो केल्याची लाज तिच्या तोंडावर दिसत होती.

“नोटीस वाचली तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं, मॅडम,” ती खाली बघत म्हणाली. “पण मी काही केलेलं नाही. तिचा निबंध मी फक्त ऐकला. वही कधी हातात घेतली नाही. तिला एवढंच विचारलं होतं, वाघर म्हणजे काय गं? तर तिनं माझी ओढणी चार खुर्च्यांना गुंडाळून दाखवली.”

“वाघर?”

“मेंढरांभोवती लावायची जाळी. तिच्या निबंधात सगळीकडे तोच शब्द आहे.”

मॅडमना तो शब्द नवा होता. त्यांचं बालपण अक्कलकोटजवळच्या गावात गेलं, घरी कानडीच. त्यांनी दोन्ही निबंध पुन्हा उघडले आणि या वेळी सारखं काय ते सोडून वेगळं काय ते बघत गेल्या. पूनमच्या निबंधात वाक्य होतं, ‘वाघरीची गाठ नेहमी बाहेरून मारलेली असते. सत्ता म्हणजे त्या गाठीवरचा हात.’ इंद्रजीतच्या निबंधात तेच वाक्य असं होतं, ‘वावराची गाठ नेहमी बाहेरून मारलेली असते.’

त्या कार्यालयात गेल्या आणि इंद्रजीतच्या निबंधातलं वाक्य शहाजीला वाचून दाखवलं. दुसरा निबंध त्यांनी पिशवीतच ठेवला होता.

शहाजी आधी नुसता बघत राहिला, मग खो खो हसला.

“वावराला गाठ? वावर म्हंजी शेत की, मॅडम! शेताला कोन गाठ मारंल? वाघर असंल ती. आमचा बा मेंढरंच राखायचा, माझं निम्मं आविष्य वाघरीच्या कडंला झोपून गेलं.” हसू ओसरलं तसा तो गंभीर झाला. “कुनीतरी हातानं लिवलेलं वाचून टाईप केलंय हे. घाईत लिवला की घ अन् व सारकाच दिसतोय. ज्याला वाघर ठावं न्हाई, त्यो वावरच वाचनार.”

“शहाजी, पूनमच्या वहीचं काय झालं?”

“गुरुवारीच कोरे सरांच्या टेबलावर ठिवली. पाकिटात घालून, वर नाव लिवून.” त्यानं मान वर केली. “सर मिळाली न्हाई म्हनत्यात व्हय? मग खोटं कोन, मी का सर? आन कोन इस्वास ठिवनार माझ्यावर?”

मॅडम बाहेर पडल्या. एक गोष्ट पक्की झाली होती. पूनमनं नक्कल केली नव्हती, तिच्या वहीची नक्कल झाली होती. पण सोमवारी निबंध दिला होता इंद्रजीतनं. म्हणजे चोर तोच.

रात्रभर त्यांना हे उत्तर पटत राहिलं. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ते कोसळलं.

४

इंद्रजीत वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर एकटाच बसला होता. उंच, खांदे पाडून बसणारा पोरगा. महागडा मोबाईल शेजारी पालथा पडला होता.

“तुझा निबंध पूनमनं चोरला असं म्हणतायत. तुला काय वाटतं?”

“मला कळतच नाही, मॅडम. मी तो कुणालाच दाखवला नव्हता. पप्पांनासुद्धा नाही. पप्पांना तर मुळीच नाही.” तो थांबला. “आणि तिनं चोरून करायचं काय? ती गोष्ट तिच्या आयुष्यात घडलेलीच नाही.”

“कुठली गोष्ट?”

तो एकदम सावध झाला. “निबंध तुम्ही वाचलायत ना?”

मॅडमनी आवाज अगदी साधा ठेवला.

“काल तीस निबंध वाचले रे, गोंधळ होतो. तुझं पहिलं वाक्य सांग बरं.”

इंद्रजीतनं डोळे मिटले. पाठ असल्यासारखा तो म्हणाला,

“‘खोट्या कागदावर सही करताना माझा हात जराही थरथरला नाही, आणि म्हणूनच हा निबंध मी लिहितो आहे.’”

मेंढरं नाहीत. वाघर नाही, वावरही नाही.

“इंद्रजीत, तू दिलेला निबंध परत कुणी तुला दाखवला?”

“नाही. सर म्हणाले, सुनावणीपर्यंत तो सीलबंद आहे. तू काही बोलू नकोस, तुझं सगळं ठीक होईल.”

“कुठले सर?”

“कोरे सर.”

५

मॅडमनी रिकाम्या वर्गात दार लावून घेतलं आणि इंद्रजीतचा निबंध उजेडात धरला. प्रत्येक निबंधाच्या वर एक घोषणापत्र होतं, हे लेखन माझं स्वतःचं आहे असं छापलेलं, खाली विद्यार्थ्याची सही. इंद्रजीतची सही खरीच होती. पण त्या कागदाच्या कोपऱ्यात स्टेपलच्या पिनेची चार भोकं होती. खालच्या दहा पानांना दोन.

वरचा कागद दोनदा टाचला गेला होता, खालची पानं एकदाच.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी कोरे सरांना वर्गात बोलावलं. सर हसतमुखानं आले आणि बाकावर ठेवलेला तो निबंध पाहून उभेच राहिले.

“बसा, सर. मला एकदा मोठ्यानं सगळं जुळवून पाहायचंय. कुठे चुकलं तर सांगा.”

कोरे बसले.

“इंद्रजीतनं सोमवारी जो निबंध दिला तो हा नाही. कुणीतरी त्याची पानं काढून घेतली, त्याच्या सहीखाली दुसरी पानं लावली आणि पुन्हा पिन मारली. तसं करायला कपाटाची किल्ली हवी. ती दोघांकडे आहे, शहाजीकडे आणि तुमच्याकडे. आरोहीचा प्रश्न इथेच मिटला. तसाही तिनं तो शब्द कानानं ऐकला होता, ती वाघरीचं वावर करणार नाही.”

“कसलं वावर?”

“तेच सांगते. ही पानं पूनमच्या हस्तलिखितावरून टाईप झाली. करणाऱ्याला वाघर माहीत नव्हती, म्हणून त्यानं वावर वाचलं. शहाजी धनगराच्या घरातला. मी वाक्य वाचून दाखवल्याबरोबर तो हसायला लागला. शहाजीनं टाईप केलं असतं तर हा शब्द चुकला नसता.”

कोरेंनी पाण्याची बाटली उघडली, आणि न पिताच बंद केली.

“एवढ्यावरून तुम्ही…”

“एवढ्यावरून नाही. पूनमनं पाच ठिकाणी ‘हुकमत’ लिहिलंय. या पानांत चार ठिकाणी तिची ‘अधिसत्ता’ झालीय. पाचवी तेवढी घाईत राहून गेली. नक्कल करणारा माणूस चोरतानासुद्धा पेपर तपासत होता, सर.”

कोरेंनी चष्मा काढला.

“इंद्रजीतचा निबंध तुमच्यापुढे येऊ द्यायचा नव्हता, पण तो नोंदवहीत चढला होता. त्याच्या जागी काहीतरी हवं होतं आणि पूनमची वही हाताशी होती. मुलगी निबंध देणार नाही असं मी धरून चाललो होतो,” ते म्हणाले. “मंगळवारी मी तिला परत पाठवलं. वाटलं, पुढच्या वर्षी वही सापडली म्हणून देऊन टाकू, तिचं काही बिघडणार नाही. बुधवारी मी रजेवर होतो. गुरुवारी आलो तर गठ्ठा तुमच्याकडे गेलेला.”

“आणि तिला नोटीस लागली तेव्हा?”

“तेव्हा मी गप्प बसलो.”

“इंद्रजीतनं असं काय लिहिलं होतं?”

कोरेंनी आपली कातडी बॅग जवळ ओढली. आतल्या कप्प्यातून घडी केलेली दहा पानं काढली आणि बाकावर ठेवली.

“फाडायची होती. फाडवली नाहीत. बावीस वर्षं शिकवतोय, असं कुणी लिहून दिलं नव्हतं.”

मॅडमनी उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. गेल्या उन्हाळ्यात इंद्रजीत वडिलांच्या चिंचोळीतल्या कारखान्यात काम शिकायला जात होता. तिथं केराबाई नावाच्या कामगार बाईचा उजवा हात यंत्रात गेला. यंत्रावरची संरक्षक जाळी काढून ठेवलेली होती, काम भराभर व्हावं म्हणून, मालकाच्या सांगण्यावरून. अहवालात मात्र लिहिलं गेलं की जाळी जागेवर होती आणि बाईनंच ती उचलली. साक्षीदार म्हणून सही इंद्रजीतची. पुढची नऊ पानं तो एकच प्रश्न उलटून पालटून तपासत होता. सांगितलं म्हणून केलं, असं म्हणणारा माणूस नेमका कोणापासून लपत असतो? विचारवंतांचे दाखले होते, एका नाटकाचं विश्लेषण होतं, पण प्रत्येक परिच्छेद फिरून त्या सहीपाशी येत होता.

वाचून झाल्यावर मॅडमनी पानं पुन्हा नीट जुळवली.

“हे करायला तुम्हाला कोंडीबांनी सांगितलं?”

“नाही.” कोरे कडवट हसले. “त्यांना आजही काही माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही, मॅडम. सांगायची वेळच मी येऊ दिली नाही. वाचलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. मंडळाची बैठक, पोराची फरफट, माझी खुर्ची. वर्गात मी अवज्ञेवर तासभर बोलतो. आणि इथं आज्ञा यायच्या आतच पाळून मोकळा झालो.”

बाहेर तासाची घंटा झाली. साडेअकरा.

“आता तुम्ही काय करणार?” कोरेंनी विचारलं.

“मी नाही. बाराला तुम्ही बोलायचं. तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन, पण तेव्हा ते माझं बोलणं असेल.”

ती दहा पानं घेऊन त्या बाहेर आल्या. इंद्रजीत अजून कट्ट्यावरच होता. त्यांनी पानं त्याच्या हातात दिली आणि काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं.

“ही तुझी आहेत. आत न्यायची की नाही, ते तू ठरव. पूनमला सोडवायला यांची गरज नाही, तेवढं मी बघते. त्यामुळे तिच्यासाठी म्हणून नेऊ नकोस.”

तो पानांकडे बघत राहिला. “पप्पा आत आहेत?”

“आहेत.”

६

प्राचार्यांच्या दालनात लांब टेबल होतं. मध्ये बिराजदार, त्यांच्या उजवीकडे कोंडीबा मस्के. रुंद छातीचा, करड्या मिशांचा माणूस, तरुणपणी भवानी पेठेत दुसऱ्याच्या यंत्रमागावर राबून वर आलेला. भिंतीशी पूनम उभी होती. माफीनामा तिच्या मुठीत होता, सही न केलेला.

“मॅडम, आटपा लवकर,” बिराजदार म्हणाले.

मॅडमनी कोरेंकडे पाहिलं. कोरे बसूनच होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले. पूनमनं डोळे मिटून घेतले. मॅडम खुर्चीतून उठणार, तेवढ्यात कोरेच उठले.

“नक्कल मी केली,” ते म्हणाले. “पूनमच्या वहीवरून. या मुलीचा काही दोष नाही, इंद्रजीतचाही नाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, वही, किल्ली, पिना, काही न वगळता. फक्त इंद्रजीतच्या निबंधात काय होतं ते सांगितलं नाही.

बिराजदारांचं तोंड उघडंच राहिलं. कोंडीबा मात्र पुढे झुकले.

“पर का? माझ्या पोराचा निबंध काडून घ्यायचं कारन काय? काय लिवलं हुतं त्यात?”

दार ढकलून इंद्रजीत आत आला. हातात पानं होती.

“मी वाचतो, पप्पा.”

पहिलं वाक्य ऐकून कोंडीबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. केराबाईचं नाव आलं तसा त्यांचा हात टेबलावर आपटला.

“बस खाली. घरी बोलू.”

इंद्रजीतचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. वाचता वाचता एकदा ओळ चुकली, तेव्हा त्यानं ती मागे जाऊन पुन्हा वाचली. तिसऱ्या पानावर कोंडीबा उठले आणि निघून गेले. दालनात उरलेल्यांनी दहाही पानं ऐकली.

संपल्यावर पूनम पहिली बोलली. मुठीतला कागद तिनं प्राचार्यांपुढे ठेवून सरळ केला.

“सर, माझी नोटीस फलकावर सगळ्यांनी वाचलीय. तिथंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, मी निर्दोष आहे असं लागलं पाहिजे. आज. आणि खाली तुमची सही.”

बिराजदारांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी आपलं पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

कोरेंनी संध्याकाळी राजीनामा दिला. पुण्याची जागा पूनमला मिळाली. मॅडमनी दोन्ही निबंधांना सारखेच गुण दिले होते, पण इंद्रजीतनं आपला निबंध स्पर्धेतून काढून घेतला. त्याला तो दुसरीकडे नेऊन द्यायचा होता, म्हणाला.

सोमवारी त्यानं कामगार खात्याच्या कार्यालयात जाऊन आपला लेखी जबाब दिला. मॅडम सोबत होत्या. तिथून बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “आता एक घर राहिलं. एकट्यानं जाववत नाही.”

केराबाई भवानी पेठेत एका बोळात राहत होती. उंबऱ्याशी बसून ती डाव्या हातानं लसूण सोलत होती, एक पाय सुपावर रोवून. इंद्रजीतला तिनं लगेच ओळखलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो बोळातच, फरशीवर तिच्यासमोर बसला. जाळी खरं तर कुठं होती, अहवालात काय लिहिलं होतं, आज आपण काय लिहून दिलं, सगळं त्यानं सांगितलं. ती सोलत राहिली.

त्याचं बोलणं संपलं तेव्हा तिनं विचारलं,

“सही केलीस, तवा त्यो कागद वाचला हुतास का?”

इंद्रजीतनं मॅडमकडे पाहिलं.

“वाचला होता.”

केराबाईनं सूप बाजूला सारलं. हात पदराला पुसला.

“मला वाचता येत न्हाई. आज काय लिवून दिलंस, ती हितं माझ्या म्होरं वाच. समदं. आन माझं नाव येईल तितं जरा मोट्यानं वाच, शेजारी घरात हायती.”

त्यानं पिशवीतून जबाबाची प्रत काढली आणि वाचायला सुरुवात केली. पलीकडच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली, मग आणखी एक.